जंगलाचा अभ्यास करून पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी चिपळूणला प्राणिशास्त्र घेऊन एस.वाय.बी.एस्सी. करते. कॉलेजबरोबर चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन आल्यापासून तिने एकच धोशा लावलाय. माणसांच्या वर्दळीमुळे जंगलातल्या प्राण्यांचं काय होतं, यावरच म्हणे काम करायचं. आम्ही बी.एड. सुचवतोय. यात नोकऱ्या असतात का? – एक पालक

उत्तर : असतात, पण थोड्या, आणि सुरुवातीची काही वर्षं बहुतेक कंत्राटी. तरीही तुमच्या मुलीचं म्हणणं मला वेगळं वाटलं. या क्षेत्राबद्दल विचारणारी बहुतेक मुलं वाघापासून सुरुवात करतात. हिला वर्दळ दिसली.

झाडं तुटली तर उपग्रहालाही दिसतात. प्राणी कमी झाले तरी जंगल वरून हिरवंगारच दिसतं. सरपण, चराई, वणवे, फासे, पर्यटकांच्या गाड्या, सगळं रोज थोडं थोडं चालू असतं. जगभरातल्या उष्ण कटिबंधीय जंगलांमधल्या शिकारीच्या नोंदी एकत्र करून २०१७ साली मांडलेला हिशोब असा : जिथे शिकार होते तिथे सस्तन प्राणी शिकार नसलेल्या भागापेक्षा सरासरी ८३ टक्के कमी, पक्षी ५८ टक्के कमी. उरतात ते दिनक्रम बदलतात. सहा खंडांतल्या ६२ जातींच्या अभ्यासात, माणसाचा वावर वाढला की प्राण्यांचं रात्री वावरण्याचं प्रमाण सरासरी १.३६ पट होतं, असं २०१८ मध्ये दिसलं. माणूस बंदूक घेऊन आलाय की नुसता फिरायला, याने फारसा फरक पडत नव्हता. कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेत पर्यटनाच्या हंगामात ताणाची संप्रेरकं वाढलेली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेला आढळली.

तुमच्या कोकणातलाच महाधनेश हा मोठा पक्षी घ्या. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर फटीतून तिला भरवतो. त्या झाडाखाली माणसांची ये-जा वाढली की नर यायला बिचकतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. धनेश गेला की धूप, रानजायफळ यांच्या मोठ्या बिया लांब नेऊन टाकणारं फारसं कोणी उरत नाही. म्हणजे आजच्या वर्दळीचा परिणाम पन्नास वर्षांनंतरच्या झाडांत दिसणार.

हे आकडे दुर्बिणीतून मिळालेले नाहीत, हे मुलीला जरूर सांगा. त्यामागे ट्रॅप कॅमेऱ्यांचे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) हजारो फोटो, प्रयोगशाळा आणि भरपूर संख्याशास्त्र आहे. प्राणिशास्त्राची मुलं गणिताला घाबरून इकडे आलेली असतात आणि नेमकी इथेच अडकतात. तिने आत्तापासून संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही संगणकीय भाषा शिकायला घ्यावी. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि माहिती जोडण्याचं तंत्र, नंतर शिकता येईल.

पदवीनंतर देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत या विषयाचं एम.एस्सी. आहे. दोन्हीकडे जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा कडक, आणि प्रवेश दरवर्षी निघतीलच असं धरू नका. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं एम.एस्सी. करता येतं. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या दरांनुसार महिना ३७ हजार रुपये आणि घरभाडं. नेटशिवाय प्रकल्पावर काम मिळतं, पण पैसे बरेच कमी. सरकारी नोकरीच हवी असेल तर एमपीएससीतून वनक्षेत्रपाल, सहायक वनसंरक्षक किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा. प्राणिशास्त्राची पदवी तिथे चालते. रस्ते-धरणांचे पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या खासगी कंपन्याही माणसं घेतात. पगार बरा असतो. मात्र अहवालाचा निष्कर्ष आधीच ठरलेला असेल तर काय करायचं, याची तिने मनाशी तयारी ठेवावी.

ती इथलीच असल्याने तिच्या पदरी एक गोष्ट आहे, जी बाहेरून येणाऱ्या हुशार संशोधकाकडेही नसते. ‘वर्दळ’ म्हणजे शेवटी कुणाची तरी चूल आणि कुणाची तरी गुरं. धनगरवाड्यावर बसून, समोरच्याला चोर न ठरवता बोलता येणं हे या कामात कॅमेऱ्याइतकंच लागतं.

बी.एड. दोन वर्षांचं आहे, एम.एस्सी.नंतरही करता येतं. तूर्त तो विषय बाजूला ठेवा. बुद्धपौर्णिमेला वनविभाग पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची नोंद करतो, त्यात सामान्य लोकांनाही घेतात. त्यासाठी महिनाभर आधी विभागीय कार्यालयात चौकशी करा आणि तिला पाठवा. रात्रभर काहीच आलं नाही तरी ती सकाळी नोंदीचा तक्ता नीट भरते का, एवढं बघा. मग पुन्हा लिहा.