हंस कयाकवर हल्ला करतात का?

प्रश्न : ताई, जानेवारीत गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कयाक घेऊन गेलो होतो. पाण्यात राखाडी रंगाच्या मोठ्या पक्ष्यांचा थवा बसलेला, डोकी पांढरी आणि मागून दोन काळे पट्टे. जवळ गेलो तर सगळ्यांनी माना ताठ केल्या, नाकातल्या आवाजात ओरडायला लागले आणि भस्सकन उडाले, मला वाटलं आता अंगावरच येतात! मित्राने परदेशातले व्हिडिओ दाखवले, त्यात हंस बोटवाल्याच्या मागेच लागलेत. परत दिसले तर काय करू?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : डोक्यावर दोन काळे पट्टे म्हणजे पट्टकादंब (इंग्रजीत बार-हेडेड गूज, रानहंसच म्हणा), शंकाच नको. मंगोलिया, तिबेटकडचे पाहुणे, हिमालय ओलांडून थंडीत येतात, एकाची उडण्याची उंची तर अंगावर लावलेल्या ट्रान्समीटरवर ७,२९० मीटर नोंदली गेलीय. व्हिडिओतले बहुतेक कॅनडा गूज असणार, ते विणीच्या दिवसात घरटं नाहीतर पिल्लं जवळ असली की खवळतात. पट्टकादंब आपल्या महाराष्ट्रात अंडीच घालत नाहीत, मग राखण कशाची करणार? घाबरले ते होते, तुम्ही नाही, म्हणजे तुम्हीपण घाबरलात ते सोडा.

कयाकचं कसं असतं, आवाज नाही, पाण्याला लागून चालते, त्यामुळे आपण फार जवळ जाईपर्यंत त्यांना पत्ता लागत नाही आणि मग एकदम धांदल उडते. हे पक्षी बरेचदा रात्री शेतात चरतात, गव्हाचे कोवळे कोंब वगैरे, आणि दिवसा पाण्यावर नाहीतर काठाला विसावतात, सारखं उडवलं तर विश्रांती गेली आणि मार्चच्या आसपास परतीचा एवढा मोठा प्रवास करायचाय. म्हणून थवा लांबून दिसला की सरळ नाक करून जाऊ नका, बाजूने मोठा वळसा घ्या, वल्हं उंच उचलू नका, ओलं पातं उन्हात चमकतं. एक-दोन माना वर झाल्या की तिथेच थांबा, सगळ्याच झाल्या तर हळूच मागे फिरा. सेल्फीसाठी तर अजिबात नको.

निवांत बघायचेत ना, तर निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जा, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे ते, २०२० मध्ये जाहीर झालं. सकाळी लवकर चापडगावच्या मनोऱ्यावर दुर्बीण घेऊन बसायचं.

आणि फार्महाऊसवरचे पाळीव पांढरे हंस मान लांब करून फिसफिसत आले तर मात्र खुशाल पळा, ते चावतात.