‘ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी’ हा शब्द कसा फोडायचा आणि कसा म्हणायचा?

इंग्रजीत एकोणीस अक्षरं दिसली की छाती दडपते, पण उच्चाराचे तुकडे नऊच आहेत: ओ‑टो‑राय‑नो‑लॅ‑रिं‑गॉ‑ल‑जी. जोर ‘गॉ’वर द्या, बाकीचं भरभर म्हणा.

आपली माणसं अडखळतात ती ‘राय’पाशी. स्पेलिंगमध्ये आर नंतर एच दिसतो, म्हणून ‘ऱ्हाय’ म्हणायचा मोह होतो. तो एच मुका आहे. गेंड्याला रायनो म्हणतो तोच हा रायनो, ग्रीकमध्ये नाक. ‘ओटो’ म्हणजे कान, ‘लॅरिंग’ म्हणजे स्वरयंत्र. म्हणजे दवाखान्याच्या पाटीवरचं ‘कान‑नाक‑घसा’च, तेही त्याच क्रमाने! हे कळलं की पाठांतर करावंच लागत नाही.

दुसरी अडचण शेवटाकडे. तिथे जी हे अक्षर दोनदा येतं: आधी ‘ग’, मग ‘ज’. ‘लॅरिंजॉलॉजी’ असं ऐकू येतं खरं, पण ते चूक.

सरावाला मागून सुरुवात करा: गॉलजी, लॅरिंगॉलजी, रायनोलॅरिंगॉलजी, मग पुढे ओटो जोडा. मला तरी असंच जमलं. आणि डॉक्टरांची वेळ घेताना सरळ ईएनटी म्हणा, तेही तेच म्हणतात.