चिलटे मोजण्यात करिअर होईल का?

ऐरोलीहून एका आईने लिहिले आहे : मुलगी ठाण्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. अल्प मात्रेतील किरणोत्सर्गाचे लहान जीवांवर काय परिणाम होतात, यावर तिला संशोधन करायचे आहे. "जन्मभर किडे मोजून तिचे पोट भरेल का, आणि किरणांजवळ काम करून तिच्या प्रकृतीला, पुढे मुलाबाळांना काही होणार नाही ना?"

सप्रेम नमस्कार,

आपला दुसरा प्रश्न आधी घेते, कारण घरातला विरोध तिथेच अडला असावा. जमीन, हवा, अन्न आणि अंतराळ यांतून जगातल्या माणसाला सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरील किरणांचा परिणाम मोजण्याचे एकक) मात्रा मिळतच असते. आपल्याकडे या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, आणि गरोदरपणात नियम आणखी कडक होतात. अशा प्रयोगात चिलटांची नळी शिशाच्या जाड आवरणातील गॅमा चेंबरमध्ये, म्हणजे गॅमा किरण देणाऱ्या यंत्रात जाते, मुलगी बाहेर असते आणि तिच्या छातीवरचा, तिला मिळालेली मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज ठरावीक मुदतीने तपासला जातो. गॅमा किरण दिलेले चिलट स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, हेही घरच्यांना जरूर सांगावे.

आता मोजण्याविषयी. अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी ड्रोसोफिलात उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) घडवून दाखवली आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. (ड्रोसोफिला म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटे; आंब्यात अळी करणारी फळमाशी वेगळी.) पण त्यांच्या मात्रा मोठ्या होत्या. सुमारे ४ ग्रे (शरीरात शोषलेली किरणऊर्जा मोजण्याचे एकक) मात्रा उपचारांविना माणसाच्या जिवावर बेतू शकते, तर प्रौढ चिलट शेकडो ग्रे सोसते, कारण त्याच्या शरीरातील बहुतेक पेशींचे विभाजन थांबलेले असते. म्हणून अल्प मात्रेचा परिणाम शोधायचा तर तो अंड्यांत, जननपेशींत आणि पुढच्या पिढीत शोधावा लागतो. आणि तिथे किरणांविनाही काही उत्परिवर्तने होतच असल्यामुळे थोडीशी वाढ त्या गर्दीत हरवून जाते. परिणाम दहापट लहान असेल, तर तो पकडायला नमुना साधारण शंभरपट लागतो. अल्प मात्राही प्रमाणात घातकच, की एका मर्यादेखाली निरुपद्रवी, की क्वचित उपकारक, हा वाद इतकी वर्षे चालू राहण्याचे एक मोठे कारण हेच गणित आहे.

त्यामुळे आपल्या मुलीला किडे आवडतात का, यापेक्षा तिला संख्याशास्त्र आवडते का, हे मला महत्त्वाचे वाटते. प्राणिशास्त्राची बरीच मुले गणित टाळण्यासाठीच या शाखेत आलेली असतात. तिचेही तसे असेल तर हा विषय तिचा नव्हे.

पोटापाण्याचे म्हणाल, तर केवळ याच विषयाच्या नोकऱ्या मोजक्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. एम.एस्सी. आनुवंशशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात करावी आणि किरणजीवशास्त्र पीएच.डी.साठी राखावे, म्हणजे औषधांची विषाक्तता-चाचणी, कर्करोग संशोधन, अध्यापन हे रस्ते मोकळे राहतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये विद्यावेतन आहे. मुंबईतील ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र आणि खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक या दोन्ही संस्था होमी भाभा राष्ट्रीय संस्थेमार्फत पीएच.डी. देतात. ऐरोलीहून खारघर म्हणजे तर पनवेल लोकलचा प्रवास.

एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या, फेब्रुवारीतील जॅम परीक्षेच्या तयारीबरोबरच तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, किरणांविना, चिलटांच्या दोन पिढ्या वाढवून पाहाव्यात. २५ अंश तापमानाला एक पिढी सुमारे दहा दिवसांत होते. कोषातून निघालेल्या माद्या आठ तासांच्या आत नरांपासून वेगळ्या काढाव्या लागतात, त्यासाठी रविवारीही सकाळी जावे लागेल. नर-मादी, पंख, डोळ्यांचा रंग यांच्या नोंदींची वही महिनाभराने तिच्यासोबत बसून चाळा. खाडाखोड असली तरी चालेल. रविवारचे रकाने रिकामे नाहीत ना, तेवढे पाहा आणि मला कळवा.