डीएससीचं पीक गेलं, म्हणून लॅक्टोज बाद?

प्रश्न : ॲम्लोडिपिन बेसिलेट या रक्तदाबाच्या औषधाच्या ५ मिग्रॅ गोळीवर प्रकल्प करतोय. औषध आणि लॅक्टोज (गोळीत भर म्हणून घालायची दुधातली साखर) १:१ मिसळून डीएससी (नमुना तापवत उष्णतेतला बदल मोजणारी चाचणी) केली, तर औषधाचं पीक (आलेखातलं वितळण्याचं टोक) जवळजवळ नाहीसं झालं. एवढ्यावर लॅक्टोज बाद करू का? कॉलेजात ह्युमिडिटी चेंबर (ठरावीक तापमान-आर्द्रतेत नमुने ठेवायची पेटी) नाही.
— एम. फार्म.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : संशय रास्त आहे, पुरावा कच्चा. हे औषध २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. तिथवर पोचेपर्यंत लॅक्टोज मोनोहायड्रेटमधलं पाणी सुटलेलं असतं आणि लॅक्टोजही वितळायच्या बेतात असतं. त्या तापमानाला जे होतं ते ३० अंशांच्या कपाटात होईलच असं नाही. डीएससीवरून संशयित ठरवा, निकाल एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) सोडा.

प्रमाणही सुधारा. ५ मिग्रॅ ॲम्लोडिपिन म्हणजे सुमारे ६.९ मिग्रॅ बेसिलेट. गोळी २०० मिग्रॅची धरली, तर लॅक्टोज औषधाच्या वीसपटीहून जास्त येतं आणि १ टक्का मॅग्नेशियम स्टिअरेट (गोळी साच्याला चिकटू नये म्हणून घालायचं वंगण) जेमतेम २ मिग्रॅ. सरसकट १:१ घेतल्याने लॅक्टोजचा उपद्रव झाकला जातो, स्टिअरेटचा फुगतो.

औषध ५० मिग्रॅ, लॅक्टोज १ ग्रॅम, दोन्ही चाळून नीट मिसळा. काही व्हायल कोरड्या ठेवा, काहींत ०.२ मिली पाणी घाला. घट्ट बूच लावून ५० अंशांवर ठेवा. १ आणि ३ आठवड्यांनी तपासा. सोबत नुसतं औषध, नुसतं लॅक्टोज आणि त्याच मिश्रणाचा फ्रिजमध्ये ठेवलेला जोडनमुना हवाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? औषध प्रकाशाला नाजूक आहे, म्हणून व्हायल तपकिरी घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे उघडं सेल्युलोज किंवा स्टार्च तोलता तोलता ओल धरतं. कोरड्या व्हायल भरल्या की लगेच बंद करा.

औषध, लॅक्टोज आणि स्टिअरेट एकत्र, पाण्यासह, असा एक संच जरूर लावा. ॲम्लोडिपिनमधला प्राथमिक अमाइन गट लॅक्टोजशी मेलार्ड अभिक्रिया (अमाइन आणि साखर जोडली जाऊन पुढे तपकिरी रंग येतो ती) करतो; ओलावा आणि स्टिअरेटचा अल्कलीपणा तिला हात देतात. फक्त जोड्या तपासल्या तर हे निसटू शकतं.

चेंबरवाचून अडत नाही. डेसिकेटरच्या (घट्ट झाकणाच्या काचेच्या भांड्याच्या) तळाशी मिठाचं संपृक्त द्रावण ठेवा, न विरघळलेलं मीठ तळाला दिसत राहिलं पाहिजे. डेसिकेटर ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला की आत सुमारे ७५ टक्के आर्द्रता मिळते. यात व्हायल उघड्या, ४ आठवडे.

तपासताना चिमूटभर नमुना काढू नका. पूर्ण व्हायल मिथेनॉलने धुऊन घ्या, गाळा. नुसत्या यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजण्यावर) विसंबू नका. साखर चिकटलेला रेणूही प्रकाश तसाच शोषतो, त्यामुळे बिघाड झालेला असूनही ॲसे (औषधाचं मोजलेलं प्रमाण) १०० टक्के दिसेल. रंग तपकिरी व्हायची वाटही पाहू नका, एचपीएलसीत नवं पीक त्याच्या कितीतरी आधी दिसतं.

लॅक्टोज खरंच बाद झालं, तर निर्जल लॅक्टोजकडे वळू नका. तीही क्षपणक, म्हणजे अमाइनशी अशीच अभिक्रिया करणारी साखरच. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि निर्जल डायबेसिक कॅल्शियम फॉस्फेट घ्या. मूळ नॉर्व्हास्क गोळीत हीच जोडी आहे.