संतपद ‘बहाल’ होतं का?

प्रश्न : मदर तेरेसांना ‘संतपद बहाल’ झालं, असं वाचलं होतं. ‘कॅननायझेशन’ला हा शब्द बरोबर आहे का? आणि ‘बीटिफिकेशन’ म्हणजे तेच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘बहाल’ म्हटलं की मला जहागीरच आठवते. बहाल करणारा उद्या ती काढूनही घेऊ शकतो. पोप संतपद देत नाहीत. अमुक व्यक्ती स्वर्गात आहे असं ते जाहीर करतात आणि तिचं नाव संतांच्या यादीत, म्हणजे ‘कॅनन’मध्ये घालतात. म्हणून मुद्रितं तपासताना मी ‘बहाल’ खोडतो आणि ‘संत म्हणून घोषित केलं’ असं करतो. आम्ही वसईकरही ‘संतपद दिलं’ म्हणतोच. बोलताना चालतं, छापताना नको.

बीटिफिकेशन ही आधीची पायरी. तिथं भक्तीला परवानगी मिळते ती ठरावीक प्रांतापुरती किंवा धर्मसंघापुरती. संत झाल्यावर जगभर. मधे किती वर्षं जावीत याला धरबंध नाही. आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले. बीटिफिकेशन १६२७ साली झालं, संत म्हणून घोषणा व्हायला १८६२ उजाडलं! मदर तेरेसांचं काम २००३ ते २०१६, तेरा वर्षांत आटोपलं. गोव्यात बाणावलीला जन्मलेल्या जोसेफ वाझ यांचं बीटिफिकेशन १९९५चं. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट बाजूला ठेवून त्यांना संत घोषित केलं, दोन्ही वेळा कोलंबोतच. गोव्यातल्याच पिलारचे फादर आग्नेल १९८६ पासून ‘व्हेनरेबल’, म्हणजे बीटिफिकेशनच्याही खालच्या पायरीवर आहेत. भाविक मात्र रोमच्या कागदासाठी थांबलेले नाहीत, ते पिलारला जातातच.

तुकोबांना संत ठरवायला कुठली कचेरी बसली नव्हती. चौकशीच म्हणाल तर गोरोबाकाकांचं थापटणं आठवतं : मडकी तपासावी तसं एकेकाच्या डोक्यावर मारत गेले आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, अशी कथा आहे. पण तो निकाल कायमचा नव्हता. विसोबा खेचर भेटले आणि मडकं भाजलं गेलं.

तेव्हा बातमीत ‘संत म्हणून घोषित’ लिहा. ‘बीटिफिकेशन’ तसंच ठेवून पहिल्यांदा येईल तिथं एका ओळीत उलगडा करा. आणि इंग्रजी समीक्षेत एखाद्या लेखकाला ‘कॅननाइज’ केल्याचं वाचलंत, तर तिथं पोपना आणू नका. ‘देव्हाऱ्यात बसवलं’ म्हणा, त्यातला टोमणाही येतो.