ट्रेलर पळतोय तोवर केबिन गार, उभा केला की एसीतून गरम हवा. काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की हायवेला केबिन मस्त गार असते, पण न्हावाशेवाच्या रांगेत गाडी उभी राहिली की एसी गरम हवा फेकतो. गॅस दोनदा भरून झाला, फरक शून्य. ट्रकचे एसी दुरुस्त करणं हाच माझा धंदा आहे, म्हणून आधीच सांगतो, तिसऱ्यांदा गॅस भरू नका. गॅस कमी असता तर भरल्यावर चार दिवस तरी बरे गेले असते. उलट जास्त झाला तर हेच दुखणं वाढतं.

तुमच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीमागच्या भागाला, हवा पुरत नाहीये. पळत्या गाडीत समोरचा वारा ते निभावून नेतो, उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर.

खात्री करून घ्यायची तर पुढच्या वेळी हवा गरम यायला लागली की इंजिन चालूच ठेवून समोरच्या जाळीतून कंडेन्सरवर दोन बाटल्या पाणी सावकाश ओता. हात आत घालायचा नाही, पंखा फिरत असतो. दोन-तीन मिनिटांत गारवा परत आला तर चोर सापडला.

मग कंडेन्सर धुवा, पण नुसता समोरून नको. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत असते: धूळ, किडे आणि तेलकट मातीचा गोधडीसारखा थर. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशर कमी ठेवायला सांगा, नाहीतर पत्र्या वाकतात आणि होती ती हवाही अडते.

धुऊनही तसंच राहिलं तर पंखा बघा. इलेक्ट्रिक असेल तर फ्यूज, रिले आणि वायरिंग. व्हिस्कस, म्हणजे इंजिनवर घट्ट द्रवाच्या क्लचने फिरणारा असेल, तर इंजिन बंद आणि थंड असताना हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. भिरभिर फिरला तर व्हिस्कस गेला. गॅरेजमध्ये गॅसचा दाब मोजणारं गेज लावायला सांगाल तेव्हा गाडी उभी ठेवून वीस मिनिटं रीडिंग बघायला लावा. आर-१३४ए गॅसवर, ३५ अंशांच्या दुपारी हाय साइड (जास्त दाबाची बाजू) साधारण २०० ते २५० पीएसआय असावी. ती ३०० च्या वर चढतच गेली तर शंका नको.

मागच्या बर्थवर हवा पोचत नाही, ही तक्रार वेगळी. एसीचा फिल्टर काढून झटका, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा, आणि झोपताना पडदा बर्थच्या पुढे न ओढता काचेला लावा.

रात्री इंजिन बंद करून हा एसी चालणार नाही, कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तरी त्याने हे बदलत नाही. २४ व्होल्टचा वेगळा पार्किंग एसी मिळतो, पण हिशेब करून घ्या. १५० एएचच्या (अँपिअर-तास) १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या की २४ व्होल्ट होतात, पण एएच १५०च राहतात; त्यावर ३० अँपिअरचा एसी, आणि सकाळी स्टार्टरसाठी निम्मा चार्ज राखायचा, म्हणजे जेमतेम अडीच तास. रात्रभर झोपायचं असेल तर एसीबरोबर वेगळ्या बॅटऱ्यांचाही खर्च धरा.