काहीही लावले तरी चेहरा चुरचुरतो; अशा नाजूक त्वचेची रोजची निगा कशी ठरवावी?

आपण लिहिले आहे की आपले वय सव्वीस आहे, राहणे पुण्याच्या उपनगरात आहे, घरात बोअरवेलचे पाणी येते, आणि गेल्या काही महिन्यांपासून फेसवॉश, सीरम, क्रीम, इतकेच काय घरचे डाळीचे पीठ लावले तरी गाल चुरचुरतात आणि लाल होतात. मी त्वचारोगतज्ज्ञ नाही. साबण आणि क्रीम बनवण्याच्या क्षेत्रात रसायनतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझी स्वतःची त्वचाही याच जातीची आहे, त्यामुळे माझे उत्तर रसायनाच्या अंगाने जाईल. आधी थोडक्यात सांगते: पुढचे चार आठवडे चेहऱ्याला फक्त तीन गोष्टी लागू द्या, रात्री एक सौम्य क्लेन्झर, दोन्ही वेळा एक बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. बाकीच्या बाटल्या कपाटात ठेवून द्या.

चार आठवडे म्हणण्याचे कारण असे की त्वचेचा बाहेरचा थर साधारण तेवढ्या काळात नवा होतो. हा थर कागदापेक्षाही पातळ असतो. चपट्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध पदार्थांचा गिलावा असतो. हा गिलावा धुऊन गेला की आतले पाणी बाहेर उडते, बाहेरचे पदार्थ आत शिरतात आणि खालच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचतात. म्हणूनच आपल्याला ‘काहीही’ चालत नाही असे वाटते; प्रत्येक वस्तूची वेगळी अ‍ॅलर्जी असण्यापेक्षा हे आवरण उघडे पडले असण्याची शक्यता अधिक आहे. घरचे याला नखरे म्हणत असतील तर त्यांना सांगा की १९७७ साली फ्रॉश आणि क्लिगमन या संशोधकांनी नाकाच्या बाजूच्या घडीवर लॅक्टिक आम्ल लावून चुरचुर मोजण्याची चाचणी मांडली होती, आणि वरून काहीही न दिसता काहींना ती जोरात जाणवते हे तेव्हापासून माहीत आहे.

आता धुण्याविषयी, कारण बहुतेकांचे निम्मे दुखणे इथेच असते. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच (आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क) साधारण ५च्या आसपास. अंगाच्या नेहमीच्या साबणाच्या फेसात पीएचची पट्टी बुडवली की ती हिरव्या रंगावर न थांबता गडद निळसर होते. पीएच ९ ते १० भरतो. साबण महाग असो, ‘हँडमेड’ असो किंवा केशर-चंदनाचा असो, तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासून तो बनला असेल तर अल्कधर्मीच असणार. वेष्टनावरचा टीएफएमचा (टोटल फॅटी मॅटर, म्हणजे एकूण मेदद्रव्याचा) आकडा पाहून आपल्याकडे साबण निवडतात. ७६ टक्के किंवा जास्त असेल तर पहिली श्रेणी, हे खरे. पण तो आकडा मेदद्रव्याचे प्रमाण सांगतो, पीएच सांगत नाही, तेव्हा चेहऱ्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही. त्याऐवजी घटकांची यादी वाचा. सुरुवातीलाच सोडियम पामेट किंवा सोडियम पाम कर्नेलेट दिसले की तो साबण आहे असे समजा. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट दिसले तर ती सिंडेट वडी आहे, म्हणजे साबणाऐवजी सौम्य क्षालक (मळ काढणारे कृत्रिम द्रव्य) वापरून केलेली, आणि तिचा पीएच त्वचेला पुष्कळ जवळचा असतो.

आपल्या बाबतीत बोअरचे पाणी हा मुद्दा वरवरचा नाही. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारी साय तयार करतात. बादलीच्या कडेला जो पांढरट, चिकट थर धरतो तोच चेहऱ्यावरही राहतो आणि कितीही पाणी मारले तरी पूर्ण निघत नाही. सिंडेट क्षालके या पाण्यात असा थर धरत नाहीत. तेव्हा सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुवा, रात्री एकदाच क्लेन्झर वापरा, पाणी कोमट किंवा साधे असू द्या, आणि जमल्यास शेवटचे दोन हबके पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचे मारा. टॉवेलने चेहरा पुसू नका, टिपून घ्या.

चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. यात महागडे काही शोधण्याची गरज नाही. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही आणि सेरामाइड सांध्यांतला गिलावा भरून काढायला मदत करते. यांपैकी दोन गोष्टी असलेले, सुवास नसलेले साधे क्रीम पुरते. जाहिरातीत मिरवणारा घटक खरोखर किती आहे हे ताडण्याची आमच्या धंद्यातली एक युक्ती आहे. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, मात्र १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक (वस्तू टिकवणारे प्रिझर्व्हेटिव्ह) सहसा १ टक्क्याच्या आतच घालतात. म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला केशराचा अर्क यादीत त्याच्याही मागे असेल, तर त्याच्यासाठी पैसे मोजू नयेत.

त्याच यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’, लिनालूल, लिमोनिन हे शब्द शोधा आणि दिसले तर डबा परत ठेवा. ‘अनसेंटेड’ या शब्दावर विसंबू नका, कारण मूळ वास झाकण्यासाठी थोडा सुवास घातलेल्या वस्तूवरही तो असू शकतो, ‘फ्रेग्रन्स-फ्री’ पाहा. लॅव्हेंडर किंवा टी ट्री तेल वनस्पतीपासून आले म्हणून सौम्य ठरत नाही; अ‍ॅलर्जी देणाऱ्या घटकांत सुगंधी तेलांचा नंबर बराच वर लागतो. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षकही टाळा. लावून तसेच ठेवायच्या प्रसाधनांत युरोपीय संघाने २०१७पासून त्याला बंदी केली आहे. मात्र म्हणून परिरक्षकच नसलेले क्रीम शोधत बसू नये. पाणी असलेल्या क्रीममध्ये परिरक्षक नसेल तर त्यात जंतू वाढतात, आणि ते आपल्या गालांना अधिक महागात पडेल.

घरगुती उपायांविषयी लिहिताना हात आखडतो, कारण प्रत्येक घरात त्यांच्यामागे आजीचा शब्द असतो. तरीही सांगते. लिंबाच्या रसाचा पीएच २च्या जवळपास असतो. उघड्या पडलेल्या त्वचेवर तो आग करतो आणि लावून उन्हात गेल्यास फोड किंवा काळे डाग उठू शकतात. खाण्याचा सोडा नेमका उलट, अल्कधर्मी. मुलतानी माती तेल शोषते, आणि आपल्याला तेच वाचवायचे आहे. डाळीचे पीठ रसायन म्हणून निरुपद्रवी असले तरी त्याचा रवाळपणा आणि धुताना होणारी चोळाचोळ नाजूक गालांना सोसत नाही. दिवाळीच्या पहाटेचे उटणे अंगाला खुशाल लावा. नागरमोथा, वाळा, कचोरा आणि संत्र्याच्या सालीचा तो घमघमाट चेहऱ्यापासून मात्र दूर ठेवा. खोबरेल तेल हातापायांना उत्तम. चेहऱ्यावर मुरुमांची प्रवृत्ती असेल तर ते टाळावे, आणि मोहरीचे तेल तर नाजूक त्वचेला लावूच नये.

पुष्कळदा दोष चेहऱ्याला लावलेल्या वस्तूचा नसतोच. पापण्यांवर पुरळ येते आणि कारण निघते नेलपॉलिश, कारण बोटे दिवसभर डोळ्यांकडे जातात. केसांच्या काळ्या रंगातले पीपीडी (पॅरा-फेनिलीनडायअमीन) हे रसायन कपाळाच्या कडेला आणि कानांमागे खाज आणते. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल असेल तर कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा डाग पडू शकतो. तिथे खाज सुटली तरी टिकली त्याच दिवशी बंद करावी. आणि आपण पुण्यात दुचाकी चालवत असाल तर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ कशाने धुतला जातो तेही पाहा. सुवासिक पावडर आणि वर फॅब्रिक कंडिशनर असा तो कपडा घामाने ओला होऊन तासभर गालांवर घासला जात असेल, तर क्रीम बदलून काय होणार?

सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले निवडा. ही खनिजे सहसा चुरचुरत नाहीत. आपल्या रंगाच्या त्वचेवर ती पांढुरकी, राखेसारखी दिसतात ही तक्रार रास्त आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेले टिंटेड सनस्क्रीन. ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवते, म्हणून वांग असलेल्यांना विशेष उपयोगी पडते. एसपीएफ ३० पुरे; ते सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवते आणि ५० सुमारे ९८, त्यामुळे आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढल्याइतके घ्यावे. सुरुवातीच्या आठवड्यात तेही झोंबत असेल तर छत्री आणि सुती ओढणी वापरा, आणि आठवड्याने पुन्हा प्रयत्न करा.

आता एक प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर मला न देता स्वतःला प्रामाणिकपणे द्या: मधल्या काळात मैत्रिणीच्या, पार्लरच्या किंवा औषधाच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून एखादे ‘उजळवणारे’ मलम लावले होते का? ट्यूबवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. काही दिवस चेहरा झकास दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात आणि मलम थांबवले की आगीसारखी लाली उसळते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. आपल्या देशात हे इतके बोकाळले की २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत टाकली. प्रत्यक्षात ती अजूनही मागितली की मिळतात, ही आपल्याकडची लाजिरवाणी गोष्ट आहे. आपले उत्तर ‘हो’ असेल तर माझा दिनक्रम बाजूला ठेवा, मलम एकाएकी बंदही करू नका, आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते कसे उतरवत न्यायचे हे त्यांनाच ठरवू द्या.

उत्तर ‘नाही’ असेल आणि चार आठवड्यांत चुरचुर बसली, तर कपाटातली एकेक वस्तू बाहेर काढता येईल, पण एका वेळी एकच आणि दोन वस्तूंमध्ये किमान दोन आठवडे ठेवून. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या जागेवर, दिवसातून दोनदा असे आठवडाभर लावावी. धुऊन टाकायची वस्तू असेल तर तिथेही काही मिनिटांनी धुवावी. एका दिवसाची चाचणी पुरेशी नसते, कारण अ‍ॅलर्जीची पुरळ बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उठते. नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेले सीरम घ्यायचे असेल तर २ ते ५ टक्क्यांचे घ्यावे. १० टक्क्यांच्या बाटल्या दुकानांत अधिक दिसतात, पण आपल्यासारख्या गालांना त्या लाल करतात. रेटिनॉल, ग्लायकोलिक आम्ल आणि दाणेदार स्क्रब यांची घाई करू नये. स्क्रब तर माझ्या मते कधीच नको.

चार आठवड्यांनंतरही लाली तशीच असेल, पाणी सुटत असेल, पापण्या सुजत असतील किंवा गरम चहा आणि उन्हाने गाल पेटल्यासारखे होत असतील, तर तो रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा आजार), एक्झिमा किंवा खरी अ‍ॅलर्जी असू शकते आणि ते प्रसाधनांनी सुटणारे काम नाही. अ‍ॅलर्जीच्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर चिकटपट्ट्या लावून त्या ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचन घेतात, तेव्हा त्या आठवड्यात सुट्टी आणि डोक्यावरून आंघोळ यांचा हिशेब आधीच करावा. डॉक्टरांकडे जाताना चेहऱ्याच्या वस्तूंबरोबर शॅम्पू, केसांचे तेल, टिकलीचे पाकीट आणि नेलपॉलिशही पिशवीत घालून न्या. वेष्टने टाकून दिली असतील तर निदान घटकांच्या यादीचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या.